घाडीबाईंचे चुकलेले कार्ड

रंजना घाडी यांच्यावर कोयतीचे तीन वार झाले ते वैशाखातल्या एका गुरुवारी, सकाळी दहा ते सव्वादहाच्या दरम्यान, मालवण तालुक्यातल्या खारवाडीच्या मळ्यात. दोन वार डाव्या हातावर बसले, तिसरा डाव्या खांद्याच्या मागे. त्या वेळी त्या गुडघ्यांवर बसून मातीचा नमुना घेत होत्या. वार करणारा वासुदेव मांजरेकर, वय त्रेपन्न, त्याच शेताचा मालक. तो पळून गेला नाही. अकराव्या दिवशी, रविवारी पहाटे, घाडीबाई रुग्णालयात वारल्या. मृत्यूचे कारण रक्तातला जंतुसंसर्ग असे नोंदले गेले. तिसऱ्या वारानंतर त्या शेजारच्या कोळंबीच्या तळ्याचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या चरात पडल्या होत्या.

मी त्यांना नऊ वर्षे ओळखत होतो. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो आणि त्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. शेतातल्या मातीत सेंद्रिय कर्ब किती आहे हे काढणे आणि तळ्यांच्या पाण्याची प्रत पाहणे हे त्यांचे काम. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजून जमिनीत मिसळलेल्या पालापाचोळ्याचा, शेणाचा, मुळांचा अंश. तो किती आहे त्यावर जमीन पाणी किती धरील आणि पीक किती देईल हे बऱ्याच अंशी ठरते. आकडा कार्डावर लिहून शेतकऱ्याला देतात. कार्डाखाली सही असते. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक कार्डांवर ती सही र. घाडी अशी होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका शेतकऱ्याची पिशवी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली, नाकाशी नेली.

"खंयची ही?"

"कुणग्यातली, बाय."

"कुणग्यातली? ह्येका गोठ्याचो वास येता. गायरीच्या बुडातसून काडलंस मा?"

कुणगा म्हणजे भाताचा वाफा, गायरी म्हणजे शेणाचा खड्डा. माणूस कसनुसा हसला. "कार्ड जरा बरा येवक व्हया म्हणान…"

"मगे म्हशीच्या नावान कार्ड करतंय. गोठ्यात टांगून ठेव. म्हशीक वाचूक येता काय?"

पिशवी खिडकीतून बाहेर गेली. खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर फुटली. खोलीतले चार-पाच लोक हसले, पिशवीवालाही हसला. आठ दिवसांनी तो शेतातली माती घेऊन आला. ती त्यांनी घेतली आणि मागचा विषय काढला नाही.

त्यांच्या सेवापुस्तकाबरोबरच्या फायलीत तीन लेखी तक्रारी होत्या. एक ओरडल्याची, एक वस्तू फेकल्याची, एक थोबाडीत मारल्याची. तिन्ही खऱ्या असल्याचे त्यांनीच मला सांगितले. चौथीही व्हायला हवी होती, ती त्या माणसाने केली नाही, असेही सांगितले.

चौथा माणूस प्रदीप सावंत, त्यांचा सहायक. कर्ब मोजताना एक ग्रॅम मातीत नारिंगी रंगाचे एक रसायन घालतात, त्यावर तीव्र गंधकाम्ल, आणि मग अर्धा तास काहीही न करता थांबतात. चंबू हाताला चटका देईल इतका तापतो. अर्ध्या तासाने पाणी घालायचे. सावंत नोकरीला लागल्याच्या पहिल्या महिन्यात त्याने पाचव्या मिनिटालाच पाणी ओतले. चंबूतले आम्ल उसळून त्याच्या तोंडाच्या दिशेने आले. घाडीबाई मध्ये आल्या. त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. त्यांनी त्याच हाताने सावंतला केसांना धरून नळाखाली ओढले आणि दहा मिनिटे त्याचे डोके पाण्याखाली दाबून धरले. तो गुदमरत होता, हातपाय झाडत होता. त्याच्या कपाळावर दोन डाग राहिले, डोळे वाचले. पाणी बंद केल्यावर त्यांनी त्याला त्याच भाजलेल्या हाताने दोन थोबाडीत दिल्या.

"इतक्या जोरात दिल्यान," सावंत मला म्हणाला, "की आम्लाचा दुखणा मी इसारलंय."

त्यांच्या उजव्या हाताची कातडी त्यानंतर चुण्या पडलेल्या कागदासारखी झाली. त्या बाह्या दुमडूनच काम करीत. नवीन माणूस प्रयोगशाळेत आला की हात पुढे करीत आणि म्हणत, "ह्या पाच मिनटांचा. तुका अर्धो तास थांबाक येता काय?"

तो अर्धा तास हीच त्यांच्याशी बोलण्याची वेळ होती. एरवी त्या बोलत नसत, निदान सरळ बोलत नसत. आम्ल घालून झाले की त्या स्टुलावर बसत, हात मांडीवर ठेवत आणि समोर जो असेल त्याच्याशी बोलत. वेळ संपली की वाक्य अर्धवट टाकून उठत. त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मला अशा अर्धवट माहीत आहेत. वडील मुंबईला गिरणीत होते. धाकटा भाऊ देवगडला असतो. लग्न ठरले होते आणि मोडले, का मोडले हे सांगत असताना अर्धा तास संपला. पुढच्या वेळी मी विचारले तर म्हणाल्या, "ता कालच्या नमुन्याचा. आज दुसरो आसा."

मातीचा नमुना घ्यायची एक रीत आहे. शेतात नागमोडी चालत जाऊन पाच ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे काढायचे, त्यांच्या कडांची माती खरवडायची, सगळी एकत्र कालवून गोल पसरायची, बोटाने चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा पसरायची, पुन्हा दोन टाकायचे, अर्धा किलो राहीपर्यंत. घाडीबाई ही रीत माणसांनाही लावत. कोणी गाऱ्हाणे लांबवू लागला की म्हणत, "चार वाटे कर. दोन टाक. मगे सांग." माझी एक बातमी त्यांनी अशीच परत दिली होती. तळ्यांच्या पाण्यावर लिहिलेली, सहा परिच्छेदांची. त्यांनी पेन घेऊन पहिला आणि चौथा परिच्छेद खोडला. "ह्यात तुजो राग आसा, ह्यात तुझी हुशारी. पाण्याचा कायच नाय." बातमी चार परिच्छेदांची छापली गेली.

त्यांना तालुक्यातली शेते पाठ होती. माणसांची नावे नव्हे, शेते. रस्त्यात कोणी भेटला तर त्याची जमीन आधी आठवे. एसटीत बसल्या की खिडकीतून बोट दाखवून सांगत, ही रेवट म्हणजे वाळूची, ही जांभ्याची, हिच्यात चुना कमी, ही खार, ही गोडी. खाडीकाठच्या भागात जमिनीचे हेच दोन मुख्य भाग. भरतीचे पाणी शिरते ती खार; बांधाच्या आत, गोड्या पाण्यावरची ती गोडी. कोणती जमीन कुठल्या बाजूची हे त्या कागद न बघता सांगत, आणि कागद काढला तर तो त्यांच्याशी जुळे. त्यांचा याबद्दलचा गर्व उघड होता. तो त्या लपवीतही नसत.

खारवाडीतली मांजरेकरची सव्वा एकर त्यांच्या लेखी गोडी होती.

त्या शेताला लागून कोळंबीची चार तळी झाली. जमीन भाड्याने घेणारा मालक बाहेरचा होता, वाडीत त्याला कोणी फारसे पाहिलेले नाही. तळ्यांचा सगळा कारभार शेट्ये नावाचे व्यवस्थापक पाहत. मी पहिल्यांदा त्या तळ्यांवर गेलो तो घाडीबाईंबरोबर, एका सकाळी सातच्या सुमारास. शेट्ये यांनी फोन करून त्यांना बोलावले होते. एका तळ्यातली सगळी कोळंबी मेली होती. विषाचा पुरावा हवा होता.

आम्ही पोचलो तेव्हा बांधावरच्या माडाला एक माणूस बांधलेला होता. भोवती पंधरा-वीस जण होते, काही तळ्यावरचे कामगार, काही वाडीतले. माणसाचा पुढचा दात तुटलेला होता. एका कानातून रक्त येऊन मानेवर सुकले होते. एकाच्या हातात बांबू होता आणि तो फुटलेला होता. हा वासुदेव मांजरेकर. आदल्या संध्याकाळी तो बांधावर दिसला होता, एवढा त्याच्याविरुद्धचा पुरावा.

"ह्येनाच विष घातल्यान," बांबूवाला म्हणाला.

घाडीबाईंनी माडाकडे पाहिले नाही. त्या थेट तळ्याकडे गेल्या. मी त्यांना म्हणालो, आधी त्या माणसाला सोडवा. त्या म्हणाल्या, "आधी पाणी. ऊन चढला की आकडो बदलता."

त्यांनी बुचाच्या तीन बाटल्या पाण्याखाली धरून, बुडबुडा आत न जाऊ देता भरल्या. दोन मेलेल्या कोळंब्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. मग पाय गुडघ्यापर्यंत गाळात घालून तळाचा मूठभर गाळ काढला. तो काळा होता आणि त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास होता. तेवढ्यात मागे बांबूचा आवाज आला आणि मांजरेकर ओरडला. घाडीबाई चढून वर आल्या आणि बांबूवाल्याच्या तोंडावर त्यांनी गाळाचाच हात ओढला. तो मागे पडला.

"मगे मार," त्या म्हणाल्या. "तुका आडवूचंय नाय. पण पयला ह्या बघ. सगळ्यांनी हय येवा."

त्यांनी पेटीतून औषधांच्या दोन छोट्या बाटल्या काढल्या. घरून आणलेल्या विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही पेटीत होती. आधी तिच्यात दोन्ही औषधांचे थेंब घातले. पाण्यात तपकिरी साका धरला.

"ह्या आमच्या बावडेचा पाणी. तपकिरी झाला. म्हणजे ह्येच्यात प्राणवायू आसा. आता तळ्याचा."

तळ्याच्या पाण्यात साका धरला तो पांढरा. त्यांनी बाटली वर धरून सगळ्यांसमोर फिरवली. दुसरीतही पांढरा. तिसरीतही.

"पांढरा ऱ्हवला. प्राणवायू नाय. तुमची सुंगटा इखान मेली नाय, गुदमारली. किनाऱ्याक येवन, तोंडा वर करून मेली. काल दिवसभर मळभ होता आणि तुमी खाद्य घातलास नेहमीचाच. ता कुजला खाली. ह्यो बघा गाळ. शेट्ये, वास घेवा."

शेट्ये यांनी वास घेतला नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला रिपोर्ट द्यायला बोलावलंय, निकाल द्यायला नाही."

"रिपोर्टात हेच लिहिणार आहे," घाडीबाई म्हणाल्या. कचेरीतल्या किंवा परक्या माणसाशी त्या प्रमाण मराठीत बोलत, आणि त्यात त्यांचा आवाज अधिक कडक होई. "माणूस सोडा. नाहीतर दुसरा रिपोर्ट पोलिसांत देते, त्याच्या कानाचा."

दोरी शेट्ये यांनीच सोडली. मांजरेकर खाली बसला, मग उठला. गर्दी पांगू लागली होती. तो घाडीबाईंजवळ आला. मला वाटले आभार मानायला आला. त्याचा ओठ सुजला होता, शब्द नीट येत नव्हते.

"पाण्याचा खरा सांगलंस," तो म्हणाला. "मगे माज्या मातयेचा खोटा कित्याक सांगलंस, बाय?"

"कसला खोटा?"

"कार्ड. 'भरपूर' म्हणान लिवलंस. दोन वर्सा भाताची लोंबी पोचटच येता, आणि तुज्या कार्डार भरपूर. मी तक्रार केलंय तळ्याचा पाणी शेतात झिरपता म्हणान. तेंच्या वकिलान तुजाच कार्ड दाखवल्यान. म्हणता, जमीन सुदारली, शेतकरी आळशी. माजी तक्रार काडून टाकल्यानी."

घाडीबाईंनी पेटी बंद केली. तळ्याच्या बांधावरून खाली उतरून त्या त्याच्या शेतात गेल्या. मी मागे होतो. भाताची खुंटे होती आणि खुंटांच्या मध्ये, ढेकळांवर, पांढरा पापुद्रा होता. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. पुढे जाऊन दुसरी ठेवली. तीही थुंकली. मग बांधावर बसल्या.  मांजरेकर वर उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "आता चाकतंस? दोन वर्सांनी?"

काय घडले होते ते त्यांनी मला प्रयोगशाळेत, त्याच दिवशी दुपारी, आम्ल घातल्यानंतरच्या अर्ध्या तासात सांगितले. मातीतला कर्ब नारिंगी रसायन खाऊन टाकतो. किती खाल्ले गेले त्यावरून कर्ब मोजतात. पण मिठातला क्लोराईडही तेच रसायन खातो. खाऱ्या मातीत कर्ब आहे त्याहून जास्त दिसतो. म्हणून खाऱ्या जमिनीचा नमुना असला तर आम्लात चांदीचा सल्फेट मिसळावा लागतो. माती खारी आहे की नाही हे आधी क्षार मोजण्याच्या यंत्रावर पाहतात. मांजरेकरचे कार्ड झाले त्या वर्षी यंत्र चार महिने दुरुस्तीला गेले होते. कार्डावर क्षारांचा रकाना कोरा होता. कर्बाचा रकानाही कोरा ठेवायला हवा होता. त्यांनी तो भरला, कारण ती जमीन गोडी आहे हे त्यांना पाठ होते. चांदीचा सल्फेट कपाटात होता. वापरला नाही.

म्हणजे जमीन जितकी खारट झाली तितकी ती कार्डावर कसदार दिसली.

"वीस वर्सा ती गोडी होती," त्या म्हणाल्या. "माका वाटला—" आणि अर्धा तास झाला. त्या उठल्या, पाणी घातले आणि रंग हिरवा होईपर्यंत थेंब मोजू लागल्या. त्या दिवशी त्यांनी सावंतला दोनदा विनाकारण शिवी दिली. संध्याकाळी नोंदवहीतली ती ओळ काढून तिच्यासमोर लाल शाईने लिहिले: चूक. र. घाडी.

त्यांनी तहसील कार्यालयाला एक पानाचे पत्र लिहिले. कार्ड चुकीचे आहे, ते रद्द समजावे, मांजरेकर यांची तक्रार पुन्हा ऐकावी. पत्र पाठवण्यापूर्वी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतले होते. एक कार्ड चुकले म्हटले की आजवरच्या सगळ्या कार्डांवर लोक शंका घेतील, निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत, असे ते म्हणाल्याचे सावंत सांगतो. तो दाराबाहेर उभा होता. घाडीबाईंचे उत्तर त्याला शब्दश: आठवते: "घेऊ देत. मीही घेते आहे." पुढचे दोन महिने त्यांनी खाडीकाठच्या जुन्या नोंदी काढून तपासल्या. क्षारांचा रकाना कोरा आणि कर्बाचा भरलेला, अशी आणखी तीन कार्डे सापडली. त्या तिघांच्या घरी त्या स्वत: गेल्या. एका घरी त्यांना शिव्या खाव्या लागल्या, आणि एरवी एकाला दोन देणाऱ्या घाडीबाईंनी त्या उभ्याने ऐकून घेतल्या.

मांजरेकरकडे त्या का गेल्या नाहीत हा प्रश्न मी नंतर सावंतला विचारला. त्या दोनदा गेल्या होत्या. घर बंद होते. मारहाणीनंतर तो आंगणेवाडीच्या पुढे, बहिणीकडे राहायला गेला होता.

तहसील कार्यालयाने उत्तर दिले की पत्रावरून कार्ड रद्द होत नाही. नवा नमुना घ्यावा, दोन पंचांसमोर घ्यावा आणि दोन्ही पक्षांना नोटीस द्यावी. शेट्ये यांना नोटीस मिळाली. मांजरेकरची पोस्टातून परत आली, शेरा होता 'घर बंद'. मग ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली गेली. ती आपण पाहिली नव्हती, असे मांजरेकरने पोलिसांना सांगितले. ती त्याने पाहिली होती असे सांगणारा कोणी पुढे आलेला नाही.

गुरुवारी सकाळी शेतात पाच जण होते. घाडीबाई, सावंत, दोन पंच आणि शेट्ये. ऊन कडक होते. शेट्ये यांनी छत्री आणली होती आणि घाडीबाई खड्डा काढायला बसल्या तेव्हा ती त्यांच्या डोक्यावर धरली. हे तिघांनी सांगितले आहे, शेट्ये यांनीही. मांजरेकर त्या दिवशी काजूच्या बागेतली झुडपे तोडायला म्हणून वाडीत आला होता. कमरेला कोयती होती. बांधावरून त्याने पाहिले ते एवढेच: त्याच्या शेतात घाडीबाई माती काढत आहेत आणि तळ्याचा व्यवस्थापक त्यांच्यावर सावली धरून उभा आहे.

पंचांच्या जबाबानुसार तो ओरडत आला.

"परत इलंस? परत कार्ड करूक इलंस तेंका?"

घाडीबाई उठल्या नाहीत. तिसरा खड्डा अर्धा झाला होता. त्यांनी पिशवीत हात घातला. पिशवीत नोटिशीची प्रत होती.

"वासू, थांब," त्या म्हणाल्या. "ह्या वाच आधी."

पहिला वार त्या कागद धरलेल्या डाव्या हातावर बसला. दुसराही. तीन बोटे तिथेच तुटली. त्या बाजूला वळल्या, तेव्हा तिसरा खांद्यामागे बसला आणि त्या चरात पडल्या. एक पंच पळाला. सावंतने खुरप्याने मांजरेकरच्या हातावर मारले, कोयती खाली पडली. मांजरेकरने ती पुन्हा उचलली नाही. तो बांधावर जाऊन बसला. शेट्ये यांनी अंगातला शर्ट काढून घाडीबाईंच्या हाताला आवळून बांधला. रक्त थांबत नव्हते म्हणून छत्रीची दांडी घालून त्यांनी तो पिळला. जंतुसंसर्ग झाला नसता तर हात त्यामुळे वाचला असता, असे नंतर डॉक्टर म्हणाले.

रिक्षा मसुऱ्याहून यायची होती. तिला वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत घाडीबाई शुद्धीवर होत्या. सावंत त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

"किती झाले?" त्यांनी विचारले.

त्याला कळले नाही.

"खड्डे, मेल्या. किती झाले?"

"अडीच."

"पाच होये. ऊठ."

तो उठला नाही. त्यांनी त्याला शिवी दिली, तीही दुसऱ्या पंचाने जबाबात नोंदवली आहे. मग तो उठला. रिक्षा येईपर्यंत त्याने तिसरा पुरा केला, चौथा आणि पाचवा काढला. माती कालवली, पसरली, चार भाग केले, दोन टाकले. उरलेल्या पंचाने पिशवीवर सही केली. शेट्ये यांचे हात रक्ताने माखलेले होते, त्यांनी पिशवीवर अंगठा उठवला. मांजरेकर बांधावरून हे सगळे बघत होता. त्याला कोणी काही सांगितले नाही. पोलीस अकराला आले.

मी घाडीबाईंना रुग्णालयात एकदाच पाहिले, सोमवारी दुपारी. ताप चढू लागला होता. डावा हात मनगटापासून काढला होता. पोलीस जबाब घेऊन गेले होते. त्यात त्यांनी मांजरेकरचे नाव, कोयतीचा आकार आणि वारांची संख्या सांगितली होती. मी विचारले, तुम्ही त्याच्यासाठी जबाबात काही सांगितले का. तो का आला, काय समजून आला, असे काही.

"माका मारल्यान," त्या म्हणाल्या. "ता लिव. तेची जमीन खारट झाली आणि मी कसदार म्हटलंय. ताय लिव. दोनय खरा आसा. एकान दुसरा पुसणा नाय."

सावंत आला तो प्रयोगशाळेतून थेट. माती तीन दिवस सावलीत वाळली होती. त्याने आकडे कागदावर आणले होते आणि चंबूचे फोटो फोनमध्ये.

"चांदीचो सल्फेट घातलंस?"

"घातलंय."

"क्षार?"

"यंत्रार बगलंय. दोनदा."

"अर्धो तास थांबलंस? पुरो?"

"घड्याळ लावन."

"हिरवो एका थेंबात इलो?"

त्याने फोन पुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. मग रिकामा चंबू, म्हणजे मातीशिवाय केलेली तपासणी, तिचा आकडा विचारला. त्याने सांगितला. त्यांनी मनात वजाबाकी केली, ओठ हलत होते. तिसऱ्या चंबूची आकडेमोड त्यांनी पुन्हा करायला लावली. ती बरोबर निघाली. अहवालात सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' आणि क्षारांपुढे 'पिकास हानिकारक' असे होते. खाली एक ओळ त्यांनी सांगून लिहून घेतली, प्रमाण मराठीत: आधीचे कार्ड चुकीचे होते, चूक माझी आहे. सावंतने कागदाखाली पुठ्ठा धरून तो समोर केला. त्यांनी उजव्या हाताने सही केली आणि तारीख घातली. तारीख घालताना पेन अडकले. त्यांनी ते झटकले आणि आकडा पुन्हा गिरवला.

मला म्हणाल्या, "आता जा. तू बसलंस की माका बोलूचा लागता."

मंगळवारी त्यांची शुद्ध हरपली. ती परत आली नाही.

मांजरेकरविरुद्ध खुनाचा गुन्हा नोंद आहे. खटला अद्याप सुरू झालेला नाही. त्याची शेतीची तक्रार तहसील कार्यालयात पुन्हा दाखल करून घेण्यात आली, कारण नवा अहवाल आला होता. तक्रारदार तोच असल्याने अहवालाची प्रत त्याला देणे कायद्याने आवश्यक होते. कार्यालयाचा शिपाई ती घेऊन कारागृहात गेला. त्या भेटीची हकिगत मला त्या शिपायाने सांगितली, आणि तिथे हजर असलेल्या कारागृह कर्मचाऱ्याने ती बरोबर असल्याचे सांगितले.

मांजरेकरने प्रत वाचली. सातवीपर्यंत शिकलेला आहे, वाचायला वेळ लागला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने ती पुन्हा वाचली. मग विचारले, "ही सही तिचीच?"

शिपाई हो म्हणाला.

"ही खंयच्या दिवसाची?"

शिपायाने तारीख वाचून दाखवली आणि वार सांगितला. सोमवार.

 पोचपावतीवर मांजरेकरची सही आहे. वेळ, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे.